हे काय? काय चॉय!

गेल्या अंकात फणसाच्या खारवलेल्या गऱ्यांबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: 'कॅन्टनकडची माणसं मोहरीचा पाला असाच मिठात मुरवतात आणि त्याचं आपल्या लोणच्याहून जास्त कौतुक करतात.' झालं. त्या एका वाक्यावर अकरा पत्रं आली, गऱ्यांवर एकही नाही. तेव्हा या वेळचं पान मोहरीच्या पाल्याला.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी पेडण्याचा. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, आधी भांडी घासायला, मग कुक, शेवटी चीफ कुक. कॅन्टनी, म्हणजे दक्षिण चीनच्या कॅन्टन शहराकडचा, स्वयंपाक मी हाँगकाँगच्या एका म्हाताऱ्या कुकच्या हाताखाली शिव्या खात शिकलो. आम्ही सगळे त्याला सिफू म्हणायचो. सिफू म्हणजे उस्ताद. पुढे जिथं जिथं 'सिफू' येईल तिथं तो हाच.

डिचोलीहून एक वाचक भगिनी लिहितात: 'मुलगा जहाजावर आहे. हाँगकाँगहून त्यानं एक पाकीट आणलं. आत तपकिरी, ओलसर, जुडी करून दुमडलेला पाला. वर इंग्रजीत फक्त 'प्रिझर्व्हड मस्टर्ड'. मी मूठभर चिरून मुगाच्या आमटीत घातला. आमटी ओतून टाकावी लागली. खारट तर होतीच, वर दाताखाली वाळू. माल खराब निघाला, की माझं काही चुकलं?'

बाय, माल चांगला आहे. चूक तुमचीही नाही, त्या दोन इंग्रजी शब्दांची आहे. 'प्रिझर्व्हड मस्टर्ड' नावाची एक वस्तू कॅन्टनी स्वयंपाकघरात नाहीच. ते म्हणजे आपल्याकडं कोणी बाटलीवर 'आंब्याचं काहीतरी' लिहून पाठवावं तसं आहे. आत चेपणीचे तोर आहेत, साठ आहे की मुरांबा आहे, हे उघडल्यावर कळणार. तिकडं निदान चार वेगळ्या वस्तू त्या एका नावाखाली विकल्या जातात, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

तुमच्या वर्णनावरून तुमच्या हाती आलेली आहे मुइ चॉय. दक्षिण चीनच्या ग्वांगतुंग प्रांतात हुइचौ नावाचं शहर आहे, तिथली मुइ चॉय नावाजलेली. मोहरीच्या कुळातली भाजी अख्खी कापतात, उन्हात मलूल करतात, मीठ लावून मुरवतात, पुन्हा उन्हात घालतात. ती हिरवीची सोनेरी, सोनेरीची तपकिरी होत जाते. शेतात, अंगणात, काठ्यांवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथं वाळवणं पडलेली असतात. आता आपण मे महिन्यात सोलं किंवा सुंगटं वाळत घालतो तेव्हा वाऱ्यानं धूळ येते की नाही? तीच तुमच्या दाताखालची वाळू. पान दुमडलेलं असतं, घडीत माती बसते, आणि नुसतं पाण्याखाली धरून ती जात नाही.

म्हणून मुइ चॉय धुणं हेच अर्धं काम. जुडी उलगडायची. एकेक पान वेगळं करून, घडी बोटानं उघडून, भरपूर पाण्यात हलवायचं. पाणी फेकायचं. तीनदा. मग भिजत घालायचं. किती वेळ ते मी घड्याळानं सांगणार नाही, कारण मुइ चॉय दोन प्रकारची येते: खारी आणि गोड. गोडीतही मीठ असतंच, वर साखर असते. गोड असेल तर पंधरा-वीस मिनिटं पुरे. खारी असेल तर तास, कधी दोन, मध्ये पाणी बदलून. देठाचा तुकडा चावून बघायचा. खारं लागलं तरी पुढचा घास घ्यावासा वाटला, की थांबायचं. त्याहून जास्त भिजवलंत तर मीठ जाईल, आणि त्याच्यामागोमाग चवही जाईल.

मग घट्ट पिळून, बारीक चिरून, कोरड्या लोखंडी कढईत मंद आचेवर परतायची. पाणी आटलं की एक वास सुटतो. थोडा गुळाचा, थोडा चहाच्या खोक्याचा, थोडा पाऊस पडून गेलेल्या गवताच्या माचाचा. तो वास येईपर्यंत तेल घालायचं नाही. माझ्या पहिल्या खेपेला मी हे सगळं सोडून थेट तेलात टाकली होती. सिफूनं कढई उचलली, दारापर्यंत गेला आणि तिच्यातलं सगळं समुद्रात ओतलं. एक शब्द बोलला नाही. त्याच्या शिव्या बऱ्या होत्या.

या पाल्याचा मानाचा पदार्थ म्हणजे मुइ चॉय खाउ युक. 'युक' म्हणजे मांस, इथं डुकराच्या पोटाचं, चरबी-मांस थरांचं. 'खाउ' म्हणजे पालथं घालणं. (आपला खाऊ नव्हे, पण मला कधी वेगळा वाटला नाही.) मांसाचा मोठा तुकडा उकडायचा, कातडीला सोयासॉस चोळायचा, कातडी तेलात तळून काढायची, मग बोटाच्या जाडीचे काप करून वाडग्यात कातडी खाली येईल असे ओळीनं लावायचे. वर परतलेली मुइ चॉय दाबून भरायची, आणि दोन तास वाफेवर. शेवटी वाडगं ताटात उपडं. पाला खाली जातो, मांस वर येतं, आणि खरं सांगायचं तर जाणकार आधी पाला संपवतात. दोन तासांत तो सगळी चरबी पिऊन बसलेला असतो.

हा पदार्थ मूळचा हाक्का लोकांचा. हो, तुमच्या 'हक्का नूडल्स'मधले तेच हाक्का. कोलकात्याला टांगरा भागात चामड्याचे कारखाने चालवायला येऊन राहिलेले हाक्का तिथं अजून आहेत. हुइचौत या पदार्थाचं नातं सू शी या थोर कवीशी जोडतात. त्याला राजदरबारानं १०९४ साली तिथं हद्दपार केलं होतं, हे खरं. बाकीची गोष्ट बिरबलाच्या खिचडीइतकी खरी माना.

तुमच्या उरलेल्या पाकिटाचं काय करायचं? तुम्ही डुकराचं खात नसाल असं धरून सांगतो. धुवा, भिजवा, पिळा, परता, चमचाभर साखर घाला. नीरफणसाचे पातळ काप ताटलीत मांडा, वर मुइ चॉय पसरा, आल्याच्या काड्या आणि थोडं तेल, आणि मोदकपात्रात वीस मिनिटं. हे कॅन्टनमध्ये कोणी करत नाही. आमच्या घरी सोमवारी होतं. मासे खात असाल तर नीरफणसाऐवजी चोणकाचा तुकडा. वाफवलेल्या माशावर मुइ चॉय ही मात्र अस्सल तिकडची रीत.

आमटीत पुन्हा घालू नका.

मडगावहून निवृत्त मराठी शिक्षिका विचारतात: 'ही नावं मराठीत लिहायची कशी? इंटरनेटवर कोणी 'गाय चोई' म्हणतं, कोणी 'काई चोय'. खरा उच्चार कोणता? आणि प्रत्येक नावात 'चॉय' का?'

बाई, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून माझा आठवडा गोड झाला.

'चॉय' म्हणजे पालेभाजी, भाजी. पाक चॉय म्हणजे पांढरी भाजी, जी आपल्याकडच्या मॉलमध्ये 'बॉक चॉय' होऊन येते. मोहरीची भाजी ती काय चॉय. आता माझी पहिली भेट ऐका. मुरगाव सोडून अठरा दिवस झालेले, हाँगकाँगला ताजी भाजी जहाजावर चढली. एका टोपलीत रुंद, जाड देठाचा, वळलेल्या पानांचा गड्डा. मी सिफूला बोटानं दाखवून विचारलं, 'हे काय?' माझ्या तोंडून मराठीतच निघालं. तो म्हणाला, 'काय चॉय.' मला वाटलं, म्हातारा माझी नक्कल करतोय. मी पुन्हा विचारलं, 'हो, पण काय?' तो ओरडला, 'काय! काय चॉय!' असं दोन-तीनदा झालं. शेवटी त्यानं पान तोडून माझ्या तोंडात कोंबलं. नाकात झिणझिण्या आल्या तेव्हा कळलं, मोहरी!

रोमन लिपीत हे नाव 'जी' अक्षरानं लिहितात, म्हणून लोक 'गाय' वाचतात. पण कॅन्टनीत ग, द, ब असे घोष आवाज नाहीतच. त्यांच्याकडं फरक आहे तो क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांच्यात. म्हणजे फुंकर नसलेला आणि फुंकर असलेला. इंग्रज माणसाच्या कानाला हा फरक धड ऐकू येत नाही. आपल्याला येतो, पहिलीच्या वर्गात शिकवलेला असतो. म्हणून ही नावं रोमनपेक्षा देवनागरीत जास्त नीट बसतात, हे माझं ठाम मत आहे.

उदाहरण देतो. तुंग चॉय म्हणजे 'हिवाळी भाजी', बरणीतली खारवलेली. थुंग चॉय म्हणजे पोकळ देठाची पाण्यातली ताजी भाजी. त आणि थ एवढाच फरक. आमच्या केरळच्या मेसबॉयला सिफूनं कोठारातून तुंग चॉय आणायला सांगितली. त्यानं थुंग ऐकलं आणि ताज्या भाजीचा भारा आणून ठेवला. मी ऐकलं असतं तर बरोबर आणली असती, असं मी आजही सांगत असतो.

'चॉय'मधला च हा 'चमच्या'तला च, 'चंद्रा'तला नव्हे. आणि वर फुंकर. तोंडासमोर धरलेली पणती विझली पाहिजे. नुक्ता लावून, टिंब देऊन ते लिहिता येत नाही, पण 'चमचा' म्हणणाऱ्याला 'चॉय' जमते. आणखी एक चीज आहे, ङा चॉय. आपल्या वर्णमालेतला तो बिचारा ङ, जो 'वाङ्मया'पलीकडं कुठं नोकरीला नाही, तो कॅन्टनीत शब्दाच्या सुरुवातीला ऐटीत बसतो. आणि इथंच खरी गंमत. कॅन्टनीत ङा चॉय म्हणजे मोड आलेली कडधान्यं. तीच दोन चिनी अक्षरं सिचुआन प्रांतात वाचली तर 'या त्साइ', आणि ती म्हणजे मोहरीच्या देठांची खारवलेली, काळसर भाजी! अक्षरं तीच, अर्थ निराळा. सिचुआनची पाककृती घेऊन हाँगकाँगच्या बाजारात गेलेला माणूस मोडाचे मूग घेऊन घरी येतो.

आता 'मुइ'. सूर नीट लागला तर मुइ म्हणजे आलुबुखारासारखं एक फळ. तो सूर खाली न उतरवता तसाच सपाट धरलात तर धाकटी बहीण. पण त्याच सुरात, अगदी त्याच उच्चाराचा, आणखी एक शब्द आहे: मुइ म्हणजे बुरशी. मुरवलेल्या भाजीला कोणता जास्त शोभतो, तुम्हीच सांगा. शांघायच्या बाजूला शाओशिंग भागात अशीच एक वाळवलेली भाजी आहे, तिचं नाव दोन्ही अक्षरांनी लिहिलेलं आढळतं, कुठं बुरशीचं अक्षर, कुठं फळाचं. हुइचौच्या पाकिटावर फळच छापतात. तुम्ही दुकानदार असता तर काय छापलं असतं?

कॅन्टनी माणसाला अशुभ शब्द तोंडी नको असतो. कारल्याचं सरळ नाव 'कडू फळ'. पण 'कडू' म्हणजे हालअपेष्टाही, म्हणून त्याला म्हणतात लेउंग क्वा, 'थंड फळ'. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. दिवा मालवत नाही, शांत करतो. त्यातलंच हे.

एक सावधगिरीची सूचना. 'हाम' म्हणजे खारट. 'साप' म्हणजे ओला. दोन्ही जोडून 'हाम साप' असं कोणाला म्हणू नका. त्याचा अर्थ होतो चावट, बायकांकडं वाईट नजरेनं बघणारा. माझ्याकडून एकदा भाजीचं वर्णन म्हणून ते म्हटलं गेलं, बाजारातल्या विक्रेत्या बाईसमोर. सिफू दोन पावलं मागं सरला आणि माझी ओळखच नाही असं दाखवायला लागला.

वास्कोहून: 'मातीच्या बुटक्या तपकिरी बरणीत 'तिएनत्सिन प्रिझर्व्हड व्हेजिटेबल' मिळालं आहे. मुइ चॉयऐवजी चालेल का?'

नाही. ती वर सांगितलेली तुंग चॉय. ती मोहरीची नाहीच; चिनी कोबी आणि लसूण. सूपवर, नूडल्सवर चिमूटभर भुरभुरवा. वाडगाभर घालाल तर डिचोलीच्या बाईंना पत्र लिहून दुःख वाटून घ्या.

साखळीहून एक वाचक: 'परसात मोहरी टाकली होती, गुडघाभर पाला झाला आहे. आम्ही शाकाहारी. यापासून घरी काही मुरवता येईल का?'

येईल, पण मुइ चॉयच्या नादी लागू नका. आठवडाभर कडक, कोरडं ऊन लागतं आणि आपल्या हवेत समुद्र आहे. तुम्ही करा हाम स्यून चॉय. खारी-आंबट भाजी. बाजारात लोक नुसतं 'हाम चॉय' म्हणतात. पिवळसर, ओली, करकरीत. कॅन्टनच्या पूर्वेला चाओचौकडच्या माणसांचा यावर जीव. त्यांच्या खानावळीत बसलं की काही मागवायच्या आत हिची छोटी बशी समोर येते.

तिकडं यासाठी जाड, मांसल देठाची मोहरी वापरतात. आपली मोहरी काटकुळी, ती मऊ पडेल. म्हणून माझा सल्ला, अर्धी मोहरी आणि अर्धा मुळ्याचा कोवळा पाला देठांसकट. कुळ एकच, झणका एकाच जातीचा. पान चिरलं, चुरगळलं की त्यातली दोन द्रव्यं, जी तोवर वेगवेगळ्या खोलीत कोंडलेली असतात, एकत्र येतात आणि तो नाकात जाणारा तिखटपणा तयार होतो. मोहरी फेसताना होतं ते हेच. मुरताना तो तिखटपणा निवतो आणि आंबटपणा त्याची जागा घेतो.

कृती अशी. पाला धुऊन एक दिवस उन्हात दोरीवर. देठ वाकवलं तर मोडू नये, नुसतं वाकावं. मग वजन करा. धुण्याआधीचं वजन नको, मलूल झाल्यावरचं. किलोला ३० ग्रॅम जाडं मीठ, चोळून चोळून, हाताला रस लागेपर्यंत. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. तांदळाचं दुसरं धुणं उकळून, लिटरला ३० ग्रॅम मीठ घालून, पूर्ण थंड करून ओता. पाला बुडला पाहिजे. वर बशी, बशीवर धुतलेला गुळगुळीत गुंडा. फडकं बांधून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुडबुडे येतील, घाबरू नका. दही लावणाऱ्यांचेच भाऊबंद, आंबट करणारे जिवाणू, कामाला लागलेले असतात.

तीन आठवडे हात लावायचा नाही. हे चवीसाठी तर आहेच, पण पाल्यात पहिल्या दिवसांत नायट्राइट नावाचं नको ते द्रव्य वाढतं आणि पुढं आंबटपणा चढला की उतरतं. तिकडच्या घरांत वीस दिवसांच्या आत बरणी उघडणाऱ्या पोराच्या हातावर चापट बसते. वर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका. केसाळ, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर अख्खी बरणी खतात. वाचवायला जाऊ नका.

आणि हे डिसेंबर-जानेवारीत करा. मी निवृत्तीनंतरची पहिली बरणी उत्साहानं जूनमध्ये घातली. पाल्याला ऊन मिळालं नाही, तो पाणचट राहिला, नवव्या दिवशी स्वयंपाकघरातून असा वास यायला लागला की शेजारी विचारायला आले, काही मेलंय का. सौभाग्यवतींनी बरणी माडाखाली रिकामी केली. त्या माडाला त्या वर्षी नारळ चांगले लागले, एवढंच.

जमली तर बारीक चिरून, एकदा धुऊन, पिळून, तेलात ठेचलेली लसूण आणि सुकी मिरची टाकून परता. साखर विसरू नका. खारट-आंबटाला गोडाचा आधार लागतो. पेजेबरोबर खा. कॅन्टनीत भाताबरोबर खायच्या सगळ्या वस्तूंना मिळून एक शब्द आहे, 'सुंग'. भात पोचवतं ते सुंग. आपलं तोंडीलावणं म्हणा. बाजारहाट करण्याला ते 'सुंग विकत घेणं' म्हणतात, जसं आपला माणूस पिशवी घेऊन निघाला की 'नुस्त्याला' जातो.

तेवढा खटाटोप नको असेल तर आणखी एक वाट आहे. आमच्या बाजूच्या इमारतीचा राखणदार नेपाळचा. त्याच्या खोलीत गुंद्रुक असतं. रायो म्हणजे मोहरीचाच पाला, मीठ न घालता चेपून आंबवलेला आणि मग वाळवलेला. चव वेगळी, आंबटाकडं झुकलेली, पण घराणं तेच. मी त्याला सुके बांगडे देतो, तो मला गुंद्रुक देतो. दोघांनाही वाटतं आपण फायद्यात आहोत.

फोंड्याहून एक डॉक्टर वाचक थोडे रागावून लिहितात: 'अशा खारवलेल्या पदार्थांचं कौतुक करताना त्यांचे धोकेही सांगावेत.'

सांगतो, आणि तुमचं बरोबर आहे. दक्षिण चीनमध्ये नाकामागच्या घशाचा कर्करोग जगातल्या इतर भागांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तिथल्या पद्धतीची खारी मासळी कर्करोग घडवणाऱ्या वस्तूंच्या पहिल्या गटात टाकली आहे. आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्या १९९३ साली 'शक्यता आहे' अशा गटात गेल्या. शिवाय रक्तदाबवाल्यांना मीठ. म्हणून धुणं, भिजवणं, आणि ताटात तोंडीलावण्याएवढीच वाढणं. सिफूला मी एकदा म्हटलं होतं की तुम्ही मीठ फार खाता. तो म्हणाला, 'तू भात खाल्लास त्याहून जास्त मीठ मी खाल्लंय.' ही त्यांच्याकडची म्हण आहे, आपल्या 'चार पावसाळे जास्त पाहिलेत'सारखी. वादात त्यानं जिंकलं. रक्तदाबाची गोळी मात्र तो रोज घ्यायचा, माझ्यासमोर.

म्हापशाहून, नाव न देता: 'गोव्यातल्या मराठी मासिकात चिनी पाल्याची चर्चा कशाला? आपले पदार्थ संपले का?'

२०२४ मध्ये तुमच्याच नगरपालिकेनं गोबी मंचुरियनला मनाई केली म्हणून एवढा राग आहे का? त्या लाल गोबीचा आणि कॅन्टनचा काही संबंध नाही, तेवढं कॅन्टनला माफ करा.

बाकी संबंध शोधायला लांब जायला नको. आपण लोणचं ज्यात घालतो त्या बरणीचं नावच चिनी मातीची. हाँगकाँगशेजारचं पोर्तुगीजांचं मकाव १८४४ पर्यंत कारभारात गोव्याच्या हाताखाली होतं. गोव्याहून नेलेल्या शिपायांसाठी १८७४ मध्ये तिथं बांधलेली बराक आजही उभी आहे, मी बाहेरून बघितली आहे. आपलं बाळचांव आणि मकावचं बालिशांव ही सुंगटं मुरवून केलेली दोन भावंडं. मकावमध्ये भाषा कॅन्टनीच, आणि तिथल्या बाजारातही हाम चॉयच्या बरण्या. आपल्या माणसांनी त्या दोन-तीनशे वर्षं बघितल्या असणार. घरी मात्र कोणी आणली नाही, याचं मला नवल वाटतं. पावसाआधी पुरुमेंत भरून ठेवणाऱ्या माणसांना ती कळली असती.

पणजीहून: 'बाजारात लाल तिखट माखलेला, मुठीएवढा गाठाळ कंद दिसला. दुकानदार म्हणाला चिनी लोणचं. हेही मोहरीच का?'

हो, आणि तो कंद नव्हे, फुगलेलं देठ आहे. सिचुआनकडचा माल, छोंगछिंगजवळचं फुलिंग त्यासाठी प्रसिद्ध. कॅन्टनीत चा चॉय. पहिला 'चा' फुंकरीशिवाय, दुसरा फुंकरीसकट. 'चा' म्हणजे दाबून पिळणं. पाणी काढायला दाबतात म्हणून. तिखट धुवा, कागदासारखे पातळ काप करा, दहा मिनिटं पाण्यात ठेवा. हाँगकाँगच्या साध्या चहाच्या हॉटेलांत सकाळी डुकराच्या मांसाच्या बारीक काड्यांबरोबर शेवयांच्या सूपमध्ये हा असतो. तिथंच त्याच्या शेजारी स्यूत चॉय, 'हिमभाजी', ही बारीक चिरलेली हिरवीगार मोहरीची भाजी. मुइ, हाम, चा आणि स्यूत या चारांतली हीच माझी सगळ्यात आवडती, पण पणजीत मला अजून दिसलेली नाही. कोणाला दिसली तर कळवा.

आणि शेवटचं, पुन्हा डिचोलीच्याच बाईंचं टपालकार्ड, पहिल्या पत्रानंतर चार दिवसांनी: 'उघडलेलं पाकीट किती दिवस टिकेल?'

कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणानं, फ्रीजमध्ये काही महिने आरामात. ओला चमचा घालू नका. आणि बरणीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. आमच्याकडं मी बारीक चिरून, परतून, सुकी करून ठेवली होती. मेहुणे आले, घरात कोणी उठलेलं नव्हतं, त्यांनी स्वतःच चहा टाकला. दोन घोट घेतल्यावर मला उठवून विचारलं, 'दूध कुठून घेता हल्ली?'